घरच्या ई-सायकलचा पॅक: आधी रसायन ठरवा, मग खरेदीला निघा

सायकलला मोटर बसवायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी हब मोटर आणि कंट्रोलरचं किट मागवतात, मग हाताला लागेल तो चार्जर घेतात आणि शेवटी विचारत फिरतात, "आता यात सेल कुठले घालू?" इथेच घोडं पेंड खातं. सेलचं रसायन एकदा ठरलं की सेल किती लागतील, बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर पॅक तोडणारं संरक्षक सर्किट) कुठला, चार्जर किती व्होल्टचा आणि पॅक फ्रेममध्ये मावेल की कॅरिअरवर जाईल, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळतात. उलट्या बाजूने गेलात तर घरात असलेल्या चार्जरला सेल जुळवत बसाल, आणि तो खेळ धोक्याचा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नाशिकमध्ये रोजच्या ये-जा करण्यासाठी पहिलाच पॅक बांधत असाल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. दुसरं काही घ्यायचं तर त्याला सबळ कारण हवं. अशी कारणं असतात, तीही पुढे येतील.

तुम्हाला मल्टिमीटर वापरता येतो आणि सिरीज-पॅरललमधला फरक कळतो, एवढं धरून चाललो आहे.

पहिली पायरी: रोजचं अंतर वॉट-अवरमध्ये मांडा

पॅकचा हिशेब व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर), म्हणजे वॉट-अवरमध्ये करायचा. नुसते एएच पाहून दोन पॅकची तुलना होत नाही.

पेडल मारत, २५ किमीच्या आतल्या वेगाने गेलात तर सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण ८ ते १२ वॉट-अवर लागतात. नुसतं थ्रॉटल पिळत बसलात तर १५ किंवा त्याहूनही जास्त. समजा तुम्ही नाशिक रोडला राहता आणि कामाला सातपूर एमआयडीसीत जाता. एका बाजूला १५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३०. किलोमीटरला १२ धरले तर ३६० वॉट-अवर. पॅक रोज तळापर्यंत रिकामा करायचा नसतो आणि सेल म्हातारे होत जातात, म्हणून त्याला ०.८ ने भागा. उत्तर येतं ४५०. तुमचा पॅक ४५० वॉट-अवरच्या आसपासचा हवा.

चढाचा हिशेब वेगळा करावा लागतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन असेल, तर १०० मीटर उंची चढायला नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी २७ वॉट-अवर जातात. मोटर-कंट्रोलरची गळती धरली तर ३५ च्या पुढे. त्र्यंबकेश्वरला जाताना शे-दीडशे मीटर चढ आहे, म्हणजे सगळा मिळून पन्नासेक वॉट-अवरचा जादा खर्च. लोक चढाची जेवढी धास्ती घेतात, तेवढा तो महाग नाही. समोरून येणारा वारा आणि कमी हवेचे टायर जास्त खातात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. पॅक दीड-दोन किलोने जड झाला तर १०० किलोच्या ओझ्यात तो फरक जेमतेम दोन टक्के. "एलएफपी जड असते" या तक्रारीत किती दम आहे, ते इथेच दिसतं.

दुसरी पायरी: उमेदवार बघून घ्या

लेड ॲसिड सगळ्यांच्या ओळखीचं आहे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ एएचचा डबा असतो, तो हाच. स्वस्त, कुठेही मिळणारा, आणि जुना झाला तरी भंगारवाला हसत घेऊन जातो. पण किलोमागे ३०-४० वॉट-अवरच देतो. शिवाय त्याच्यावर छापलेले एएच २० तासांत हळूहळू रिकामा करण्याच्या हिशेबाचे असतात. सायकल तो दीड-दोन तासांत रिकामा करते, तेव्हा हाती साठ-सत्तर टक्केच लागतात. दर वेळी पूर्ण उपसलात तर दोन-तीनशे चक्रांत, म्हणजे तेवढ्या वेळा भरून-रिकामा केल्यावर, त्याचा दम संपतो.

एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. १८६५० (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी) आणि २१७०० आकाराचे बहुतेक दमदार सेल या घराण्यातले, किंवा त्याच्या सख्ख्या भावाचे, म्हणजे एनसीएचे. सेलच्या पातळीवर किलोमागे २०० ते २५० वॉट-अवर. नाममात्र व्होल्टेज ३.६, पूर्ण चार्ज ४.२. आयुष्य ५०० ते १००० चक्रं. वजन आणि जागा या दोन्हींत त्याला तोड नाही.

एलएफपीचं नाममात्र व्होल्टेज ३.२, पूर्ण चार्ज ३.६५. किलोमागे ९० ते १६० वॉट-अवर. चांगले सेल २००० चक्रांच्या पुढे जातात. वर्षात तीनशे दिवस सायकल चालवली तरी कागदावर सहा वर्षं सहज.

बाकीच्यांवर फार वेळ घालवू नका. एलटीओ (लिथियम टायटनेट) हजारो चक्रं टिकतो आणि झटक्यात चार्ज होतो, पण सेलमागे २.३ व्होल्ट, वजन अवाच्या सवा आणि किंमतही तशीच. सोडियम-आयन येतंय, पण त्याचं व्होल्टेज चार्जच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत इतकं खालीवर होतं की साधा सायकल कंट्रोलर त्याचा खालचा भाग वापरण्याआधीच बंद पडतो. रिमोटच्या खेळण्यांतल्या विमानांचे लिपो पाऊच करंट भरपूर देतात, पण मऊ पिशवीतला तो माल रोजच्या खड्ड्यांत घालायची वस्तू नव्हे.

तिसरी पायरी: तेच गणित तिन्हींत करून बघा

आपल्याला ३६ व्होल्टची मोटर आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर चालवायचा आहे, आणि पॅक ४५० वॉट-अवरचा हवा.

लेड ॲसिडचे १२ व्होल्ट १२ एएचचे तीन डबे सिरीजमध्ये जोडले तर कागदावर ४३२ वॉट-अवर होतात. प्रत्यक्षात २८० च्या आसपास. वजन बारा किलो. ३६० लागणार होते, म्हणजे परतीच्या वाटेवर उपनगरच्या अलीकडेच पेडल मारायची वेळ येणार. कंपनीत चार्जिंगची सोय असेल तरच हे जमेल. मी लेड ॲसिड एकाच कामासाठी सुचवेन: किट बसवलंय, मोटर फिरते का, ब्रेकचा कटऑफ चालतो का, एवढं बघायला कुणाकडून तरी तीन डबे उसने आणा आणि गल्लीत चक्कर मारा.

एनएमसीचे ३.५ एएचचे १८६५० सेल, दहा सिरीज आणि चार पॅरलल, म्हणजे १० एस ४ पी. चाळीस सेल, ५०४ वॉट-अवर. सेलचं वजन दोन किलो, पट्ट्या-होल्डर-बीएमएससह अडीच-पावणेतीन. कंट्रोलरने १५ अँपिअर ओढले तर प्रत्येक सेलवर पावणेचार. या वर्गातल्या चांगल्या सेलला तेवढं झेपतं.

एलएफपीचे ६ एएचचे ३२७०० सेल, १२ एस २ पी. चोवीस सेल, ४६१ वॉट-अवर. सेलचंच वजन साडेतीन किलोच्या जवळ, जोडून चार-सव्वाचार. आकारमान मात्र एनएमसीच्या जवळजवळ दुप्पट. इथे खरा निकाल लागतो, वजनावर नाही. जुन्या धाटणीच्या दांडीवाल्या सायकलच्या त्रिकोणात हा पॅक आरामात बसतो. लेडीज सायकल किंवा मागे सस्पेन्शन असलेली एमटीबी असेल तर त्रिकोणच नसतो, आणि मग पॅक कॅरिअरवर जातो. जड वस्तू इतकी उंच आणि मागे गेली की वळणावर सायकल डुलते.

म्हणून खरेदीआधी पुठ्ठ्याचा खोका कापून फ्रेममध्ये बसवून बघा. पाय आत-बाहेर होतात का, पेडल घासतं का, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू मध्ये येतात का, सगळं त्यातच कळतं.

एनएमसी कधी घ्यावा? फ्रेममध्ये जागाच नसेल तेव्हा, किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत पॅक रोज खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर न्यावा लागत असेल तेव्हा. किंवा साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला एका दमात हवा असेल तेव्हा. "सगळे तोच वापरतात" हे कारण धरू नका.

चौथी पायरी: आपली हवा आणि आपली पार्किंग

परदेशातल्या सल्ल्यांत एलएफपीला थंडी सोसत नाही म्हणून नाकारलेलं दिसेल. शून्याखाली चार्ज करायचं नाही हा नियम खरा आहे, तेव्हा धातूरूप लिथियम इलेक्ट्रोडवर साचतं आणि सेल आतून बिघडतो. पण तो नियम सगळ्याच नेहमीच्या लिथियम सेलना लागू आहे. निफाडला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांखाली जातो, तेव्हा पहाटे चार्जिंग टाळा, ऊन आल्यावर लावा. त्यापलीकडे नाशिकच्या थंडीची काळजी करू नका.

आपला शत्रू एप्रिल-मे आहे. बहुतेक लिथियम सेलना चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांची असते. कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभ्या असलेल्या सायकलचा पॅक तिथपर्यंत सहज जातो. पॅक त्याच गरम अवस्थेत चार्जिंगला लावला की आयुष्य झपाट्याने घटतं. पूर्ण चार्ज करून उन्हात ठेवलेला एनएमसी सगळ्यांत लवकर म्हातारा होतो. एलएफपीलाही उष्णता आवडत नाही, पण तो जास्त सोसतो. रसायन कुठलंही असो, घरी आल्यावर अर्धा-एक तास पॅक निवू द्या, मग चार्जरला लावा.

आता आगीविषयी. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्येच कंटेनरमध्ये चढवलेल्या वीस नव्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. त्या वर्षी देशभर अशा घटना झाल्यावर केंद्राने एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं आणि ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केलं. कारखान्यातल्या वाहनांच्या पॅकला या चाचण्यांतून जावं लागतं. तुम्ही घरी बांधलेल्या पॅकला कुणीच तपासत नाही. तपासनीसही तुम्हीच.

एनएमसीचा धन ध्रुव तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे आतली आग बाहेरच्या हवेवाचूनही चालू राहते. साधारण २०० अंशांच्या पुढे ही साखळी सुरू होते, आणि एक सेल शेजारच्याला पेटवतो. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो. तो २५० अंशांच्या पुढेपर्यंत तग धरतो आणि बिघडला तरी एवढी उष्णता सोडत नाही. मात्र "एलएफपी जळत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आतला इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच आहे, आणि बिघडलेल्या सेलमधून निघणारा पांढरा धूर विषारी तर असतोच, पेटूही शकतो.

त्यामुळे चार्जिंगची जागा आत्ताच ठरवा. जिन्याखाली नाही, घराच्या दाराशी नाही, झोपण्याच्या खोलीत तर मुळीच नाही. बाहेर पडायच्या वाटेवर पॅक नको, हा मुद्दा. बाल्कनीत फरशीवर, पडद्यापासून लांब, किंवा पार्किंगमध्ये भिंतीलगत, तेही तुम्ही जागे असताना. धूर निघाला तर पॅक उचलायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

पाचवी पायरी: सिरीजचा आकडा आणि चार्जर

या पायरीवर घाई करू नका, पॅक इथेच मारले जातात.

३६ व्होल्टसाठी एनएमसीचे १० सेल सिरीजमध्ये लागतात आणि पूर्ण चार्जला ४२ व्होल्ट होतात. एलएफपीचे १२ लागतात, पूर्ण चार्जला ४३.८. ४८ व्होल्टला एनएमसीचे १३, म्हणजे ५४.६. एलएफपीचे १६, म्हणजे ५८.४.

आता दुकानात जाऊन नुसतं "३६ व्होल्टचा चार्जर द्या" म्हणालात, तर तो लेड ॲसिडचाही असू शकतो. लेडच्या तीन डब्यांना ४३ ते ४४ व्होल्ट लागतात. तो चार्जर १० एस एनएमसीला लावला की प्रत्येक सेलवर ४.३ ते ४.४ व्होल्ट जायला बघतात, आणि ४.२ च्या वर एनएमसीला ढकलणं म्हणजे आगीला आमंत्रण. बीएमएस तोडेल, हे खरं. पण बीएमएस शेवटचा दरवाजा आहे, रोज त्यावर धडका मारायच्या नसतात. ४८ व्होल्टमध्ये तर आणखी वाईट: लेडचा चार्जर ५८.८ पर्यंत जातो, १३ एस एनएमसीत ते सेलमागे साडेचार व्होल्ट होतात.

म्हणून चार्जरवरचं "आउटपुट" वाचा, आणि सेलशी जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. ४२.० म्हणजे ४२.०. घरात दोन प्रकारचे पॅक असतील तर त्यांचे कनेक्टर वेगळे ठेवा, म्हणजे चुकीचा चार्जर बसणारच नाही.

कंट्रोलरचीही खातरजमा करा. ३६ व्होल्टचे कंट्रोलर साधारण ३०-३१ व्होल्टला कट मारतात. १२ एस एलएफपीत ते सेलमागे २.६ होतात, म्हणजे ठीक. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरला १६ एस लावत असाल तर तो उघडून आतल्या कपॅसिटरवरचा आकडा बघा. ६३ व्होल्ट लिहिलेलं असेल तर ५८.४ चालतं.

बीएमएस रसायनाप्रमाणेच घ्यायचा. एनएमसीचा बीएमएस सेल ४.२५ ला तोडतो. तो एलएफपीवर बसवलात तर संरक्षण असून नसल्यासारखं. तापमानाचा सेन्सर असलेलाच घ्या, स्वस्तातल्या कित्येकांत तो नसतो.

सहावी पायरी: सेल विकत घेताना

ऑनलाइन ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल दिसतील. या आकारात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेलही ४ एएचच्या आसपास थांबतो, त्यामुळे पुढे वाचूही नका. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे चांगला साक्षीदार.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक करायचा मोह सगळ्यांना होतो. पहिल्या पॅकसाठी करू नका. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या अंतर्गत रोधाचे सेल सिरीजमध्ये घातले की बैलजोडीतल्या अशक्त बैलासारखं होतं, सगळ्यांची चाल तोच ठरवतो. आणि २ व्होल्टच्या खाली दीर्घकाळ पडून राहिलेल्या सेलच्या आत तांबं विरघळलेलं असतं. तो पुन्हा चार्ज होईलही, पण आतून शॉर्ट व्हायची शक्यता घेऊनच.

वेष्टन नसलेला सेल कुठला, हे ओळखायची एक खूण: चार्ज करून तासन्‌तास ठेवल्यावर ३.३-३.४ ला स्थिरावला तर एलएफपी, ३.५ च्या बऱ्याच वर टिकला तर तो नव्हे. पण अनोळखी सेल आधी ३.६५ च्या पुढे चार्ज करू नका. दोन रसायनांचे सेल एका पॅकमध्ये कधीच नाहीत.

सगळे सेल एकाच लॉटचे घ्या. हाती आल्यावर प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. इतरांपेक्षा वेगळा वाटणारा सेल परत करा, "चालून जाईल" म्हणू नका.

सातवी पायरी: जोडणी

सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नाही, उष्णतेने आतलं सील बिघडतं. स्पॉट वेल्डर नसेल तर एलएफपीत एक सोपी वाट आहे: स्क्रू किंवा स्टड असलेले सेल मिळतात, ते पट्टीने आणि नटाने जोडता येतात. नवख्या माणसाला एलएफपी सुचवण्यामागे माझं हेही एक कारण आहे. चूक झाली तर पाना घेऊन उघडता येतं. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला, आपल्या रस्त्यांवर साधा नट फार काळ घट्ट राहत नाही.

वेल्डिंग करणार असाल तर पट्टी शुद्ध निकेलची आहे का ते तपासा. कानशीने घासून तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. गंज दिसला तर ती निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी. सेलच्या धन टोकाला बार्ली पेपरची चकती हवीच. वेष्टन तिथे फाटलं की शॉर्ट ठरलेला.

फ्यूज पॅकच्या धन तारेवर, पॅकच्या जवळात जवळ. गाड्यांमधले नेहमीचे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात. ते ३६ किंवा ४८ व्होल्टला तुटतील, पण आतली ठिणगी विझेलच असं नाही. ५८ किंवा ८० व्होल्ट डीसीचा फ्यूज मागा. काम करताना हातातली अंगठी-घड्याळ काढून ठेवा.

पावसाळ्यासाठी तारा पॅकच्या खालच्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत जाणार नाही. डबा पाणी अडवणारा असावा, पण वायू बाहेर पडायला एखादी वाट ठेवा.

कायद्याचं दोन ओळींत: मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यापुढची ताकद लावलीत तर ती सायकल राहत नाही.

आठवी पायरी: पहिले काही चार्ज

एलएफपीचं व्होल्टेज भरलेल्या अवस्थेपासून जवळजवळ रिकामं होईपर्यंत ३.२-३.३ च्या आसपासच रेंगाळतं. थ्रॉटलवरच्या चार दिव्यांचा त्यामुळे काही उपयोग नाही, त्या बराच वेळ सगळ्या लागलेल्या दिसतात आणि मग एकदम विझतात. शंट असलेला मीटर बसवा, तो गेलेले एएच मोजतो. एनएमसीत व्होल्टेज उतरत जातं, तिथे दिव्यांवर बऱ्यापैकी भागतं.

पहिल्या चार-पाच चार्जना पॅक शेवटपर्यंत भरू द्या, आणि चार्जर थांबायच्या सुमारास प्रत्येक सिरीज गटाचं व्होल्टेज बॅलन्स तारांवर मोजून वहीत लिहा. एलएफपीत अधेमधे मोजून काही कळत नाही, फरक फक्त वरच्या टोकाला दिसतो. सुरुवातीला गट पुढे-मागे असतील, बॅलन्सिंग (बीएमएसने सगळे गट एका पातळीवर आणणं) संथ असतं, काही तास चार्जर जोडून ठेवावा लागेल. चार्जगणिक फरक कमी होत गेला तर पॅक बरोबर आहे. एकच गट दर वेळी आधी भरत असेल आणि वापरताना आधी रिकामाही होत असेल, तर त्या गटातला सेल कमजोर आहे किंवा त्याची एखादी पट्टी सुटली आहे. पॅक सायकलवरून उतरवा आणि तो गट उघडा.